बॉनेट उघडं टाकून झोपणारा माणूस

सोमवारी सकाळी गाडीला स्टार्टर मारला आणि डॅशबोर्डवर एकदम रोषणाईच झाली. इंजिनचा पिवळा दिवा, एबीएसचा, स्टीअरिंगचा, घसरत्या गाडीचं चित्र असलेला तो एक, आणि शिवाय दोन असे की त्यांचा अर्थ बघायला मॅन्युअल शोधावं लागलं, जे गाडी घेतल्यापासून प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरच आलं नव्हतं. इंजिन चालू होतं पण हुडहुडी भरल्यासारखं थडथडत होतं. मग मी तेच केलं जे कुणीही शहाणा माणूस करेल, बंद करून परत चालू केलं. दिवे तेवढेच, थडथड जरा जास्त.

आता ही गाडी अशी आहे की शेजारच्या सीटवर नुसती पिशवी ठेवली तरी तिला बेल्ट लावा म्हणून कोकलत राहते. टायरमधली हवा उतरली की सांगते, दार नीट लागलं नाही की सांगते, मागे खांब आला की किंचाळते, आणि फार वेळ चालवली तर कपाचं चित्र दाखवून दमलात हो, थांबा जरा, असंही म्हणते, जे घरातसुद्धा मला कुणी म्हणत नाही. एवढं सगळं जिला कळतं तिला रात्रभर आपल्याच पोटात बसून कुणीतरी आपल्याच नसा कुरतडतंय हे कळू नये? बरं, कळलं तेव्हा तरी काय सांगितलं, तर 'इंजिन तपासा'.

मेकॅनिकला बोलावलं. मला वाटलं तो लॅपटॉपबिपटॉप जोडेल. त्याने बॉनेट उघडलं, वाकला, आणि वास घेतला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, ह्याला स्कॅनर नको, पिंजरा पाहिजे."

मीही वाकलो. बॉनेटला आतून तो काळा फेल्टसारखा जाड कपडा चिकटवलेला असतो ना, त्याला मधोमध बशीएवढं भोक. इंजिनच्या प्लास्टिकच्या कव्हरवर काळ्या लेंड्या, बॅटरीच्या ट्रेमध्ये फेल्टचा पिंजून काढलेला चुरा. आणि मग त्याने टॉर्च मारून दाखवलं ते मुख्य, इंजेक्टरकडे जाणारी हिरवी वायर, दोन इंच सोलून तांबं लख्ख बाहेर, आणि टोक असं तिरकं कापलेलं की मी कटर घेऊन बसलो असतो तरी मला जमलं नसतं. खाली तिची सालं पडलेली, हिरवी, बारीक बारीक. म्हणजे खाल्लं पण नाही हो! खाल्लं असतं तर गरीब बिचारा भुकेला होता असं तरी म्हणता आलं असतं, ह्याने नुसतं सोलून बाजूला ठेवलं.

बाकीचे दिवे का लागले तेही त्याने समजावलं. दोन वायरी असतात, एकमेकींना पीळ घातलेल्या, आणि गाडीतले सगळे छोटे छोटे कंप्युटर त्यांच्यावरून एकमेकांशी बोलतात. पूर्वी प्रत्येक गोष्टीला वेगळी वायर असायची, १९८६ साली बॉशनं ही एकाच जोडीवरून सगळ्यांनी बोलायची पद्धत आणली, वायरी कमी झाल्या, सगळे खूश. फक्त ती जोडी तुटली की ब्रेकला इंजिनचं ऐकू येत नाही, स्टीअरिंगला ब्रेकचं, आणि मग जो तो घाबरून आपापला दिवा लावून बसतो. आमच्या उंदराने इंजेक्टर झाल्यावर तोंडी लावायला हीच जोडी घेतली होती.

शेजारच्या स्लॉटमधले काका एव्हाना येऊन उभे होते. काकांची गाडी कायम कव्हरखाली, रोज कव्हर काढून पुसतात आणि परत घालतात, बाहेर काढतात ती मात्र रविवारी. ते म्हणाले, "तुम्ही गाडी वापरत नाही, म्हणून हे होतं. आमच्या गाडीला नऊ वर्षांत कधी काही नाही. शिस्त लागते." हे 'शिस्त लागते' त्यांनी मेकॅनिककडे बघून म्हटलं, जास्त लागलं.

वायरिंग जोडून झालं. इन्शुरन्सचा फॉर्म भरायला घेतला तर त्यात पहिलंच, घटनेची नेमकी वेळ, आणि त्याखाली, समोरच्या वाहनाचा नंबर. मी फोन करून सांगितलं की समोर वाहन नव्हतं, उंदीर होता. पलीकडच्या बाईंनी अगदी गंभीरपणे विचारलं, "घटनेनंतर तो जागेवर थांबला होता का?" पुढचं सांगत नाही, सांगण्यासारखं काही मिळालंच नाही.

त्या रात्रीपासून मी वाचायला लागलो. रात्री दोनला मोबाइलच्या उजेडात माणूस आपले आजार वाचतो तसं मी उंदराचे दात वाचत होतो. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, वर्षाला दहा-बारा सेंटिमीटर म्हणे. पुढच्या बाजूला कडक, नारिंगीसर इनॅमल, मागे मऊ भाग, तो आधी झिजतो आणि दाताला आपोआप पटाशीसारखी धार राहते. म्हणजे कुरतडलं नाही तर दात वाढून तोंड मिटायचं नाही. ह्या सगळ्या जमातीला इंग्रजीत जे रोडंट म्हणतात ते नावसुद्धा लॅटिनमधल्या कुरतडण्याच्या क्रियापदावरूनच आलंय. ऑफिसातला एक जण छातीठोकपणे सांगत होता की हल्ली वायरीच्या आवरणात सोयाबीन असतं म्हणून खातात, आणि अमेरिकेत गाडीमालक ह्यावरून कोर्टातही गेलेत हे खरं आहे. पण बिनसोयाबीनच्या जुन्या वायरीसुद्धा हे लोक त्याच आवडीने सोलत आलेत. माझ्या ट्रेमधली सालं मी पाहिली होती, मला चवीची थिअरी पटत नाही. रात्री इंजिन कोमट असतं, अंधार असतो, वर छप्पर आहे, मांजर पोचत नाही, आणि समोर दाताच्या मापाची मऊ वायर लोंबतेय. मी उंदीर असतो तर दुसरीकडे गेलो नसतो.

वाचता वाचता जरा बरंही वाटायला लागलं, कारण जगात आपल्यापेक्षा वाईट अवस्थेतले लोक आहेत. जर्मनीत मार्टेन म्हणून एक मुंगसासारखा दिसणारा प्राणी आहे, त्याने केलेल्या नुकसानीचे इन्शुरन्स क्लेम वर्षाला दोन लाखांच्या आसपास येतात. त्याचं तर भुकेशी काही नातंच नाही, एका नराने गाडीत आपला वास सोडलेला असतो, मालक बिचारा गाडी घेऊन पाहुण्यांकडे जातो, रात्री दुसऱ्याच गल्लीत लावतो, तिथला नर वास घेतो आणि 'हा कोण आमच्या हद्दीत' म्हणून पिसाळून होजपाइप फाडतो. दोघांचं भांडण, पाइप तिसऱ्याचा. कॅलिफोर्नियातल्या सिक्वोया नॅशनल पार्कमध्ये मिनरल किंग म्हणून जागा आहे, तिथे मार्मोट, म्हणजे खारीच्याच जातीतले जाडजूड प्राणी, रेडिएटरचे पाइप चावतात, त्यातल्या कूलंटच्या ओढीने, त्यामुळे लोक अख्खी गाडी खालून वरपर्यंत ताडपत्रीत बांधून मग डोंगर चढायला जातात. उतरल्यावर बॉनेट उघडून बघायचं असतं, नाहीतर मार्मोट आतल्या आत बसून मैलोन्‌मैल प्रवास करून येतो. आणि न्यूझीलंडचा केआ! पोपट आहे तो, डोंगरातला, टपावर उतरतो आणि वायपरचं रबर, खिडकीचं बीडिंग सोलून काढतो, दिवसाढवळ्या, मालकासमोर, निव्वळ गंमत म्हणून. बायकोला उठवून मी केआचा व्हिडिओ दाखवला. ती म्हणाली, "हे बघून वायर जुळणार आहे का?" आणि कूस बदलली.

मग उपाय सुरू झाले. उंदरावर उपाय माहीत नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि ज्याचा उंदीर गेला असा माणूसही भेटलेला नाही. कुणी म्हणालं तंबाखूची पानं ठेवा. ठेवली, सकाळी तशीच होती, वॉचमनने मात्र दोनदा चौकशी केली. कुणी म्हणालं पेपरमिंटचं तेल. आठवडाभर गाडीला टूथपेस्टचा वास येत होता आणि एसीची वायर सोलली गेली, स्वच्छ तोंडाने. कोल्ह्याचं मूत्र बाटलीत विकत मिळतं हेही मला ह्याच काळात कळलं, मी ऑर्डरच्या बटणापर्यंत गेलोही होतो, पण मागे बायको उभी होती.

डांबराच्या गोळ्यांवर मात्र माझा विश्वास होता. राखाडी रंगाचा, वर निळी पट्टी असलेला माझा एक मोजा होता, टाच विरलेली, त्यात दहा-बारा गोळ्या भरून, गाठ मारून, बॅटरीशेजारी बांधून ठेवला. जोडीतला दुसरा टाकवेना म्हणून गाडीतच ठेवला, ऑइलची पट्टी पुसायला. दुसऱ्या दिवशी एसी लावला आणि तो वास थेट आत, ऑफिसला पोचेपर्यंत डोकं असं ठणकायला लागलं की उंदीर परवडला. त्या गोळ्यांची वाफ माणसालाही चांगली नसते हे मग वाचलं, नेहमीप्रमाणे नंतर. चौथ्या दिवशी मोजा काढून टाकायला गेलो तर मोजाच नव्हता. गोळ्या होत्या, सगळ्या, ट्रेच्या कोपऱ्यात नीट एका जागी केलेल्या. गाठ सोडवली नव्हती, कुरतडली होती. मी खूप वेळ बघत उभा राहिलो. आपण हरतोय हे माणसाला कधीकधी असं शांतपणे समजतं.

त्यानंतर ते अल्ट्रासॉनिक यंत्र. आपल्याला ऐकू येत नाही अशा आवाजाने उंदीर पळून जातात म्हणे. (अमेरिकेत २००१ साली तिथल्या व्यापार आयोगाने असली यंत्रं करणाऱ्या नि विकणाऱ्या साठाहून जास्त कंपन्यांना पत्रं पाठवून तंबी दिली होती की दावे करताय तर शास्त्रीय पुरावाही जवळ ठेवा. हेसुद्धा यंत्र आल्यावर वाचलं.) तीन रात्री शांततेत गेल्या. मी घरात जरा ताठ चालायला लागलो. चौथ्या सकाळी बघितलं तर यंत्राचा दिवा बंद, आणि यंत्राकडे जाणारी लाल वायर हिरवीसारखीच, दोन इंच सोलून, तिरकी. होंडा कंपनी मिरचीतला तिखट पदार्थ लावलेली एक टेप विकते, वायरींना गुंडाळायला, ती मागवली आणि हाताने गुंडाळली आणि मग त्याच हाताने डोळा चोळला. ह्या प्रकरणात मिरची नक्की कुणाला लागली ते मी एकट्यानेच पाहिलंय, खरं म्हणजे पाहता येतच नव्हतं.

शेवटी मेकॅनिकच म्हणाला, "साहेब, रात्री बॉनेट उघडं टाका. त्याला अंधार पाहिजे असतो, आडोसा पाहिजे असतो. उघड्यावर नाही बसत तो." इतकं साधं. तेव्हापासून रोज रात्री जेवण झालं की मी खाली जातो, बॉनेट वर करतो, आणि येऊन झोपतो. त्रास एवढाच की येणारा-जाणारा प्रत्येक माणूस थांबून "काय झालं, बंद पडली का?" विचारतो, मदतीला वाकतो, एकाने तर जंपर केबल आणून जोडायला घेतली होती. आणि बॉनेट उघडं आहे हे मात्र गाडीला बरोबर कळतं हां, त्यासाठी वेगळा सेन्सर आहे, लॉक करायला गेलं की ठणाणा करते. सगळ्यात मोठ्या संकटात गप्प बसली आणि आता उपायावर आरडाओरडा. पण महिना झाला, एकही वायर तुटलेली नाही.

मागच्या रविवारी मी ऑइल तपासत होतो तर काका आले. आवाज जरा उतरलेला. "जरा बघता का, दिवे लागलेत सगळे."

गेलो. कव्हर बाजूला केलेलं होतं, आतून ते छान मऊ आणि उबदार असतं हे मला आधी कधी जाणवलं नव्हतं. काकांनी बॉनेट उघडलं. मी वाकलो आणि काही न बोलता वास घेतला, मेकॅनिक घेतो तसा, काकांवर चांगलीच छाप पडली. मग दोघांनी मिळून इंजिनवरचं प्लास्टिकचं कव्हर उचललं. खाली घरटं होतं, गोल, नीटनेटकं, फेल्टचा चुरा, कागदाचे कपटे, कुठल्यातरी हिरव्या वायरीची सालं, आणि ह्या सगळ्यावर गादीसारखा पसरलेला, टाच विरलेला, राखाडी मोजा. निळ्या पट्टीचा.

काकांनी तो दोन बोटांत धरून उजेडात उचलला, उलटा केला, सुलटा केला. "डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय हो," ते म्हणाले. "हा कुणाचा असेल?"

मी ऑइलची पट्टी तशीच हातात घेऊन आलो होतो, आणि ती पुसत पुसतच उभा होतो.