चाळीस डॉलरचा खोका

"आम्ही आयडियावर नाही, माणसावर पैसे लावतो." पुण्यात कुठल्याही पिच इव्हेंटला, म्हणजे नवे उद्योजक इन्व्हेस्टरांसमोर आपली कंपनी मांडतात त्या कार्यक्रमाला जा, स्टेजवरचे इन्व्हेस्टर साहेब हे वाक्य टाकणारच. मला ते अर्धंच खरं वाटतं.

एअरबीएनबीचंच घ्या, म्हणजे लोकांच्या घरातल्या खोल्या प्रवाशांना भाड्याने मिळवून देणारी कंपनी. जून 2008 मध्ये तिचा संस्थापक ब्रायन चेस्की आणि मंडळी सिलिकॉन व्हॅलीतल्या 7 इन्व्हेस्टरांपर्यंत पोचली. मागणी दीड लाख डॉलरची, कंपनीचं मूल्य धरलेलं पंधरा लाख. पाच जणांनी नकार कळवला, दोघांनी उत्तरच दिलं नाही. (ते नकाराचे ईमेल चेस्कीने 2015 मध्ये जाहीर केले. जरूर वाचा, किती गोड भाषेत वाटेला लावलंय!) एकाला तर बाजारच पुरेसा मोठा वाटला नाही. माणसं तीच होती की!

त्याच वर्षी अमेरिकेत निवडणूक होती. चेस्की आणि त्याचा सहसंस्थापक जो गेबिया दोघेही डिझायनर. पैसे उभे करायला त्यांनी ओबामा आणि मॅकेन या दोन उमेदवारांच्या नावाने नाश्त्याच्या सीरियलचे खोके काढले. पुठ्ठे घरीच घड्या घालून गरम गोंदाने चिकटवले, आत दुकानातलं साधं सीरियल भरलं, आणि किंमत लावली 40 डॉलर. ओबामाचे खोके हातोहात संपले. साधारण 30 हजार डॉलर सुटले. वाय कॉम्बिनेटर म्हणजे नव्या कंपन्यांना बॅचने निवडून पैसे आणि मार्गदर्शन देणारी संस्था. तिथल्या पॉल ग्रॅहमला परक्या माणसाला घरात झोपवायची कल्पना मुळीच पटली नव्हती. पण मुलाखतीच्या शेवटी तो खोका त्याच्यासमोर आला आणि 2009 च्या पहिल्या बॅचमध्ये यांची वर्णी लागली.

आपल्याकडे ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. अहो, जिद्द एमपीएससीच्या पोरांकडे काय कमी आहे? ग्रॅहमला दिसली ती झालेली विक्री. चार डॉलरचा माल अनोळखी लोकांनी दसपट पैसे मोजून नेला होता. म्हणून तरुण फाउंडर मंडळींना सांगतो, डेकमधल्या (इन्व्हेस्टरांना दाखवायच्या सादरीकरणातल्या) 'टीम' स्लाइडवरचे कॉलेजचे लोगो जरा बारीक करा आणि तिथे तुम्ही स्वतः विकलेलं काहीतरी दाखवा. दहा गिऱ्हाइकांची बिलं असली तरी चालतील.

आणि इन्व्हेस्टर साहेबांना एक विचारायचंय. चेस्की आणि मंडळींनी तेव्हा क्रेडिट कार्डांवर कर्ज काढून दिवस ढकलले. आपल्याकडे पगार सोडल्यावर घराचा हप्ता, आईची औषधं, धाकट्याची फी कोण भरणार? दोन वर्षं बिनपगारी राहू शकणाऱ्याला तुम्ही 'कमिटेड' म्हणता, तेव्हा त्याची जिद्द बघता की त्याच्या बाबांचा कोथरूडमधला फ्लॅट?