आलेल्यांची मोजणी

सलग नऊ वर्षे मी एका मोठ्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारच्या उपासनेची हजेरी मोजण्याचे काम केले. पहिल्या उपासनेचा आकडा, दुसऱ्या उपासनेचा आकडा, संडे स्कूलच्या मुलांचा वेगळा आकडा आणि शेजारी अर्पणाची रक्कम, अशी वहीतली चार घरे भरली की माझी सेवा संपत असे. त्या वहीचा मला अभिमान होता, कारण आकडे जवळजवळ दरवर्षी वाढत होते. एका रविवारी डावीकडच्या तिसऱ्या बाकावर नेहमी बसणारे एक वयस्कर गृहस्थ काठी टेकत आत आले आणि मी सहज म्हणालो, "काका, बऱ्याच दिवसांनी दिसलात." ते म्हणाले, "चार महिन्यांनी. खुब्याचे हाड मोडले होते." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. माझ्या वहीत मात्र ते चारही महिने आधीच्या चार महिन्यांपेक्षा चांगले गेले होते.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे, आणि ते अनेकांना पटत नाही, की मोठ्या मंडळीची कसोटी रविवारी किती जण आले यावर लागत नाही. एखादा माणूस येईनासा झाला तर ते किती दिवसांत आणि कुणाच्या लक्षात येते, यावर लागते. ज्या मंडळीच्या साप्ताहिक उपासनेला सरासरी २००० किंवा त्याहून अधिक लोक येतात तिला अभ्यासक 'मेगाचर्च' म्हणतात. त्यात सहाशे कुटुंबे धरली आणि पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, आठवड्यातले सहा दिवस रोज एका घरी भेट दिली, तरी प्रत्येक घरी पुन्हा जायला जवळजवळ दोन वर्षे लागतील. हा पाळकांचा आळस नव्हे, हे साधे गणित आहे, आणि उत्तम प्रवचनाने ते बदलत नाही.

ही अडचण मंडळीइतकीच जुनी आहे. बायबलमधील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात पेंटेकॉस्टच्या सणाला एकाच दिवशी सुमारे तीन हजार माणसांची भर पडल्याचे वाचताना आपण आनंदित होतो, पण सहाव्या अध्यायात काय घडले ते घाईने ओलांडतो. रोजच्या अन्नाच्या वाटणीत आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर ग्रीक बोलणाऱ्यांनी केली. म्हणजे संख्या वाढल्यावर उघड झालेला हा तंटा शिकवणुकीवरून नव्हता, कुणीतरी नजरेतून सुटल्यावरून होता. त्यावर निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती वाटणी सोपवली गेली. आपल्याकडे तक्रार करणाऱ्याला समितीत घेण्याऐवजी समितीपुढे उभे करण्याची रीत अधिक दिसते, हे जाता जाता सांगतो.

अठराव्या शतकातील इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्ट चळवळीतली एक घटना मला याहून अधिक बोलकी वाटते. १७४२ मध्ये ब्रिस्टल येथील सभागृहाचे कर्ज फेडायचे होते. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी असे ठरले आणि ती गोळा करण्यासाठी सुमारे बारा जणांमागे एक पुढारी नेमला गेला. गरिबाला जमले नाही तर त्याची पेनी पुढाऱ्याने भरायची होती. पुढारी दर आठवड्याला घरोघर जाऊ लागले तेव्हा कोण आजारी आहे, कोण दारूच्या आहारी गेले आहे, कोणत्या घरात भांडण आहे, हे प्रथमच कळू लागले. कर्जवसुलीसाठी केलेली ही सोय मग मेथडिस्टांच्या 'क्लास' म्हणजे छोट्या गटांच्या पद्धतीचा पाया झाली.

दक्षिण कोरियातील सोल शहरात १९५८ मध्ये पाच जणांनिशी सुरू झालेली योइडो मंडळी पुढे जगातील सर्वांत मोठ्या मंडळींपैकी एक झाली. सभासद काही हजारांवर गेले तेव्हा, १९६४ च्या सुमारास, पाळक डेव्हिड योंगी चो अतिश्रमाने कोसळले. सगळा भार एकट्याने वाहता येत नाही हे उमगल्यावर त्यांनी शहरभर घरगुती गट उभे केले. पुरुष पुढे यायला कचरत असताना त्या गटांचे नेतृत्व प्रामुख्याने स्त्रियांनी सांभाळले. मंडळी अफाट वाढली ती या गटांवर. पण त्याच चो यांना २०१४ मध्ये, मुलाच्या मालकीचे शेअर मंडळीकडून चढ्या भावाने खरेदी करवून सुमारे १३ अब्ज वॉनचे नुकसान केल्याबद्दल न्यायालयाने दोषी ठरवले. गटातल्या सभासदाची विचारपूस करणारे कुणीतरी होते. संस्थापकाला हिशेब विचारणाऱ्याचा वचक तेवढा राहिला नव्हता, असाच मी याचा अर्थ लावतो.

सिएटलमधील मार्स हिल मंडळीचे उदाहरण तर अधिकच कठोर आहे. १९९६ मध्ये सुरू झालेली ही मंडळी अनेक शाखांमध्ये पसरली, मुख्य पाळकांचे प्रवचन पडद्यावरून शाखाशाखांत दाखवले जाई. दमदाटीच्या आणि अधिकाराच्या गैरवापराच्या आरोपांनंतर ऑक्टोबर २०१४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ते वर्ष संपता संपता ती संस्थाच विसर्जित झाली. एक माणूस गेल्यावर काही आठवड्यांत हजारोंची मंडळी उरत नसेल, तर ते लोक एकमेकांना बांधलेले होते की केवळ एका आवाजाला, असा प्रश्न पडतो.

इमारतींविषयी फार लिहीत नाही. कॅलिफोर्नियातील क्रिस्टल कॅथेड्रल १९८० मध्ये पूर्ण झाले, २०१० मध्ये त्या मंडळीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढे ती काचेची भव्य वास्तू रोमन कॅथलिक धर्मप्रांताने विकत घेतली. अर्पण दर रविवारी कमीजास्त होते, हप्ता, पगार आणि वीजबिल मात्र तसे होत नाही, हे हिशेब सांभाळणाऱ्या प्रत्येक खजिनदाराला ठाऊक असते.

काकांच्या त्या रविवारनंतर मी समितीत सुचवले की वहीत पाचवे घर आखावे आणि सलग तीन रविवार न दिसलेल्यांची नावे त्यात लिहावीत. दोन हजारांत कोण दिसले नाही हे कळणार कसे, असा आक्षेप रास्त होता, म्हणून प्रत्येक दोन बाकांमागे एका सभासदाला जबाबदारी दिली. स्वयंसेवक आधीच थकलेले होते, काही जणांना हा पहारा वाटला आणि एका वडीलधाऱ्यांनी तर मंडळी म्हणजे शाळा नव्हे असे सुनावले. त्यांचे म्हणणे मी अजूनही पूर्णपणे चुकीचे मानत नाही. तरीही पहिल्या महिन्यात एकेचाळीस नावांची यादी तयार झाली आणि फोन करण्याचे काम माझ्याकडे आले. यादीतल्या पहिल्या बाईंना मी मंडळीचे नाव सांगितले, तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता पसरली आणि मग त्यांनी विचारले, "माझी वर्गणी राहिली आहे का?"