यात तू कुठे आहेस?

पानगळीचा फोटो काढायला फारशी अक्कल लागत नाही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरमधल्या कँकॅमागस रस्त्याला लागावं. लिंकन ते कॉनवे, जेमतेम ३५ मैल, वाटेत एकही पेट्रोल पंप नाही, आणि दोन्ही बाजूंनी मेपल असे पेटलेले की डोळे मिटून बटण दाबलं तरी काहीतरी लाल येतंच. अक्कल लागते ती पुढे. आलेला फोटो खरोखर बरा आहे की नाही, हे दुसऱ्याच्या तोंडून काढून घेताना.

हौशी फोटोग्राफरला अभिप्राय मिळत नाही असं मुळीच नाही. ढिगाने मिळतो. बॉस्टनमधून रात्री ९ वाजता फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला की भारतात सकाळचे साडेसहा झालेले असतात. म्हणजे फोटो थेट गुलाब, सूर्योदय आणि ‘शुभ सकाळ’च्या गर्दीत जाऊन पडतो. पाच मिनिटांत तीन अंगठे, दोन जोडलेले हात (हे फोटोला आहेत की त्याच्या आधीच्या गणपतीला, कळायला मार्ग नाही), एक ‘नाइस क्लिक’ आणि एक ‘कुठल्या मोबाइलवर काढलास गं?’ अडीच किलोचा ट्रायपॉड खांद्यावरून वाहून नेणाऱ्या बाईला हा शेवटचा प्रश्न कुठे लागतो, ते तिचं तिलाच ठाऊक.

यावरून बहुतेक जण ठरवून टाकतात की घरच्यांना फोटोतलं काही कळत नाही. मला तसं वाटत नाही. घरच्यांना चूक बरोब्बर दिसते, तिचं नाव तेवढं माहीत नसतं. ‘डॉक्टर, पोटात कसंतरीच होतंय’ म्हणणाऱ्या पेशंटसारखं. दुखतंय ते खरं, निदान मात्र आपण करायचं.

आता ‘अगं, झाडांना रोगबिग लागलाय का?’ हा मावशीचा प्रश्न घ्या. यात थोडा ऋतूंचा घोळ आहे. आपल्याकडे शरद म्हणजे निरभ्र आकाश, कोजागिरीचं दूध आणि ऑक्टोबर हीट. पानं गळायची ती शिशिरात. दसऱ्याला आपट्याचं सोनं लुटायचं, तेही हिरवंगार. त्यामुळे ऑक्टोबरात अख्खा डोंगर तांबडा झालेला पाहून काळजी वाटणं साहजिकच. तिला एकदा सांगून टाकावं की पानातलं हरितद्रव्य मोडलं की आतला पिवळा-केशरी रंग उघडा पडतो, तो आधीपासून तिथेच असतो. लाल मात्र पान गळायच्या आधी नव्याने तयार होतो. त्यासाठी दिवसा स्वच्छ ऊन लागतं. रात्री गार हव्यात, पण पाणी गोठेल इतक्या नकोत.

एवढं ऐकूनही ती ‘वाळल्यासारखी दिसतायत पण’ म्हणाली, तर फोटो पुन्हा उघडावा. तपकिरी म्हणजे दुसरं काही नाही, अंधारात उभा केलेला केशरी. मागच्या उजळ आकाशाला घाबरून कॅमेऱ्याने उजेड कमी घेतला की सोन्यासारखा मेपल चहाच्या चोथ्यासारखा दिसतो. दोन-तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) उजेड वाढवा, रोग बरा होतो. नाहीच झाला तर ती झाडं ओकची आहेत. ओकच्या पानांत टॅनिन असतं, तिथे आपला इलाज चालत नाही.

‘रंग खरे आहेत का?’ हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतोच, आणि फोटो काढणारा लगेच दुखावतो. ‘अगदी असेच होते!’ असतीलही. पण सॅच्युरेशनची, म्हणजे रंग गडद करण्याची, पट्टी ४० वर कुणी नेली? लाल पानांची गंमत अशी की कॅमेऱ्यातला एकत्रित हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, शहाण्यासारखा मधोमध बसलेला असतो, आणि तिन्ही रंगांचे वेगवेगळे आलेख उघडावेत तर लाल उजव्या भिंतीवर जाऊन आदळलेला. तो तिथे कापला गेला की पानाच्या शिरा, कडा, घड्या सगळं जातं आणि कुंकवाचा करंडा सांडल्यासारखा सपाट डाग उरतो. तरी माझ्या मते लोकांचा संशय लाल रंगावर नसतोच. चुगली करतो तो हिरवा. सगळेच रंग एकदम चढवल्यावर मेपलच्या मागचे सदाहरित स्प्रूस वृक्ष पोपटी होतात, सावलीतला डांबरी रस्ता निळा पडतो. पाहणाऱ्याने मेपल आयुष्यात पाहिलेला नसला तरी रस्ता पाहिलेला असतो. म्हणून लालला हात न लावता नुसता हिरवा १५-२० अंकांनी उतरवून पाहावा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार कॅमेरा करतो ती दुरुस्ती, ऑटोवर ठेवू नये. संध्याकाळची ऊब ही आपलीच चूक समजून तो ती पुसायला धावतो. डेलाइट किंवा क्लाउडी, म्हणजे साधारण ५५०० ते ६५०० केल्विन, एवढं पुरतं.

मात्र रंगाबद्दल काका काही बोलले तर आधी काकांचा फोन तपासावा. डोळ्यांना त्रास नको म्हणून निळा प्रकाश कमी करणारी सोय त्यांनी चोवीस तास चालू ठेवलेली असते. त्या पडद्यावर हिमालयसुद्धा हळद लावून बसलेला दिसतो. शिवाय व्हॉट्सॲप फोटो बारीक करून आणि दाबून पाठवतं, आणि त्यात सगळ्यात आधी चेंगरतात ती हजारो छोटी पानं. डोंगर दुरून मऊ गोधडीसारखा दिसायला लागतो. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. त्याआधी तो एसआरजीबी या बहुतेक पडद्यांना कळणाऱ्या रंगपद्धतीत काढलेला हवा. ॲडोबी आरजीबीतला फोटो काही ठिकाणी इतका मलूल उघडतो की काका म्हणतात, ‘तिकडे धुकं फार दिसतंय.’

‘पाऊस येणार होता का गं?’ हा माझा सर्वांत आवडता अभिप्राय, कारण तो इतका अचूक असतो की थक्क व्हावं. पाऊस येणार नसतो. आकाशाचा एकच कोपरा काळानिळा झालेला असतो, आणि ते काम पोलरायझरचं, म्हणजे लेन्सवर लावून फिरवायच्या चकाकी-काढू फिल्टरचं. पानगळीला पोलरायझर हवाच. ओल्या पानांवरची चकाकी तो काढून टाकतो, मग खालचा रंग दिसतो. त्याच्या बदल्यात एक ते दोन स्टॉप उजेड खातो. सूर्याशी काटकोनात त्याचा जोर सर्वाधिक असतो. तर्जनी सूर्याकडे धरून अंगठा काटकोनात ताणावा आणि मनगट फिरवावं. अंगठा जिथे जिथे दाखवेल तिथे आकाश गडद होणार. पण १६ मिलिमीटरची, म्हणजे खूप रुंद दृश्य घेणारी, लेन्स लावली की तिच्यात आकाशाचा इतका मोठा पट्टा येतो की एक भाग काटकोनात आणि बाकीचा नाही. मग गडद डाग पडतो, आणि हजारो मैलांवर बसलेल्या काकूला छत्रीची आठवण होते. २४ मिलिमीटरच्या आत जायचं तर फिल्टर अर्धाच फिरवावा, किंवा आकाशाला रजा द्यावी.

‘पाण्यात दूध ओतलंय का?’ याचा अर्थ शटर फार वेळ उघडं राहिलं. त्याच रस्त्यावरच्या सॅबाडे धबधब्यापाशी सगळे एनडी फिल्टर (उजेड अडवणारी काळी काच) लावून दोन-चार सेकंद मोजत उभे असतात, आणि पाण्याचा पार मसाला दुधासारखा पदर होतो. कोजागिरी असली म्हणून काय झालं. पाव ते अर्ध्या सेकंदात पाण्याच्या दशा सुट्या राहतात. तेवढ्याच वेळात वरची फांदी वाऱ्याने हलून पुसट होते, ती भानगड वेगळी. त्यासाठी त्याच जागेवरून १/१२५चा दुसरा फोटो घ्यायचा आणि नंतर पानं त्यातली, पाणी यातलं असं जोडायचं.

‘वर ते पक्षी आहेत का?’ नाहीत. सेन्सरवरची धूळ आहे. एफ/२२ला, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक केलं की, ती दिसायला लागते आणि वर सगळा फोटो मऊही पडतो. एफ/८ ते एफ/११वर थांबा.

‘तळं सांडेल की!’ म्हणजे क्षितिज कललंय. यावर फोटोवाला काठाकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, काठ तर सरळ आहे. काठ बघायचाच नसतो. काठ आपल्यापासून तिरका लांब जात असेल तर तो फोटोत तिरकाच दिसायला हवा. एखाद्या झाडाचा शेंडा आणि पाण्यातला त्याचाच शेंडा जोडणारी रेघ पाहायची. ती उभी हवी. काका फोन तिरका धरून फोटो बघत असतील तर हा सगळा खटाटोप त्यांनी आधीच केलाय असं समजावं.

आता जाणकारांकडे वळू. फोटो क्लबातल्या जाणकाराला नावं सगळी येतात, त्यामुळे त्याला पाहावं कमी लागतं. पहिल्या दोन सेकंदांत ‘रूल ऑफ थर्ड्स’ येणार, म्हणजे चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग पाडून विषय त्या रेघांवर बसवायचा नियम. हा नियम जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली निसर्गचित्रांसाठी मांडला. त्याचं म्हणणं जमीन-आकाश किंवा उजेड-अंधार यांच्या वाटणीबद्दल होतं, एकाला दोन भाग, दुसऱ्याला एक. त्याचा आता असा देव्हारा झालाय की रेघांच्या छेदावर झाड नाही म्हटल्यावर जाणकार झाड हलवायला सांगेल. तळ्यातल्या प्रतिबिंबाचा फोटो मधोमध दुमडलेलाच शोभतो, तिथे या नियमाला बाहेर बसवावं. ‘फोरग्राउंड नाही’, म्हणजे पुढे, जवळ काहीच नाही, हा त्याचा दुसरा आवडता शेरा. तो बहुधा बरोबर असतो, पण त्याच्याकडे आपण पुन्हा येऊ.

मुळात दोष आपल्या विचारण्यात असतो. ‘कसा आलाय?’ या प्रश्नाला मराठी संस्कृतीत ‘छान’ याखेरीज उत्तर नाही. पाहुण्यांनी पोह्यांबद्दल दिलेल्या उत्तराइतकंच त्याला वजन. तीस फोटोंचा लोंढा सोडला तर तेही मिळत नाही. तीनच पाठवावेत. सोबत ‘पहाटे चारला उठून, शून्य डिग्रीत’ वगैरे लिहू नये, कारण मग लोक फोटोला नाही, कष्टाला मार्क देतात. ‘नजर आधी कुठे गेली?’ आणि ‘कुठे अडली?’ एवढंच विचारावं. त्याहून सोपं म्हणजे एकाच फोटोची दोन रूपं पाठवून ‘डावा की उजवा?’ असं विचारणं. साडीच्या दुकानात वाढलेल्या जमातीला निवड करायला सांगितली की ग्रुपवर वर्षभर न बोललेली माणसंसुद्धा जागी होतात. अर्ध्या मंडळींना उलट क्रमाने पाठवावं, नाहीतर पहिल्यालाच कौल मिळतो.

त्याहूनही आधी आपण आपल्याला विचारावं, आणि तेही आठवडाभर फोटो न बघता. मग तो अंगठ्याच्या नखाएवढा करून पाहावा. इतका छोटा झाल्यावरही काय आहे ते कळलं पाहिजे. मग काळा-पांढरा करावा. पानगळीच्या दहांतले सात फोटो इथे गार पडतात, कारण त्यांत रंगाशिवाय काही नव्हतंच. लाल आणि हिरवा एकाच करड्या रंगाचे होऊन डोंगराचा सिमेंटचा कट्टा होतो. शेवटी चारही कोपरे बघावेत. तिथे अर्धी फांदी, पांढऱ्या आकाशाचा तुकडा किंवा कुणाच्या तरी गाडीचा आरसा हमखास असतो.

आणि तरीही खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळीच होते. आपलाच फोटो दुसऱ्या ग्रुपवरून फिरत आपल्याकडे परत येतो, आणि आकाशात पिवळ्या अक्षरांत सुविचार छापलेला असतो. संतापू नये, मोजावं. दोन ओळींचा सुविचार मावला असेल तर आकाश ठीक आहे. सहा ओळी, खाली ‘सुप्रभात’ आणि एक वाफाळता कप, हे सगळं एकाही पानाला न झाकता मावलं असेल, तर वरचा तिसरा हिस्सा कापून टाका. ढगाळ दिवशी हे फार होतं. ढगाळ उजेड पानांना उत्तम, पण आकाश तेव्हा धुतलेल्या चादरीसारखं असतं. ते चौकटीत घ्यायचंच नसतं.

राहिली आत्या. तिचा अभिप्राय प्रत्येक फोटोवर एकच: ‘सगळं छान आहे, पण यात तू कुठे आहेस?’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्याची चूक सगळे करतात. जाणकार ज्याला फोरग्राउंड नाही, स्केल नाही म्हणतो, तेच आत्या म्हणतेय. नुसता लाल डोंगर. केवढा आहे, किती लांब आहे, नजरेने कुठे टेकायचं, काही पत्ता नाही. एक माणूस उभा केला की डोंगराला उंची येते. चौकटीच्या उंचीच्या विसाव्या भागाएवढा माणूस पुरतो. त्याला लाल जाकीट घालू नये, मेपलमध्ये विरघळून जाईल. केशरीसमोर निळं उठून दिसतं. कॅमेऱ्याच्या दहा सेकंदांच्या टायमरवर ओल्या पानांतून पळत सुटू नये, ती साबणासारखी निसरडी असतात. दर दोन सेकंदांनी एक असे तीसेक फोटो आपोआप निघतील असं लावावं आणि निवांत चालत जावं. डोंगराकडे तोंड करून उभं राहावं, म्हणजे पाहणाऱ्याची नजरही तिकडेच जाते.

असा फोटो आत्याला पाठवून पाहा. निळा ठिपका ती दोन बोटांनी मोठा करेल, आणखी मोठा करेल आणि लिहील, ‘पाठ करून का उभी आहेस?’