बालमोरल 'सहाशे वर्षं जुना लढाऊ किल्ला' वगैरे काही नाहीये

बालमोरलच्या, म्हणजे ब्रिटिश राजघराण्याच्या स्कॉटलंडमधल्या वाड्याच्या, फोटोखाली तो फॉरवर्ड परत फिरतोय. स्कॉटलंडमधला सहाशे वर्षं जुना लढाऊ किल्ला, प्रिन्स अल्बर्टने (राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्याने) स्वतः नकाशे काढून नीट केलेला, मालकी ब्रिटिश सरकारची. एवढ्याशा मजकुरात इतक्या चुका करायलाही मेहनत लागते!

आधी वय. तिथे जुनं घर होतं, अगदी पंधराव्या शतकापासूनचं, हे खरंय. १८३० मध्ये सर रॉबर्ट गॉर्डनने ते लीजवर घेतलं आणि अ‍ॅबरडीनच्या आर्किटेक्ट जॉन स्मिथकडून बरंच वाढवून घेतलं. गॉर्डन १८४७ मध्ये वारला, पुढच्या वर्षी लीज अल्बर्टकडे आलं आणि १८५२ मध्ये ३२,००० पौंडांना अख्खी इस्टेटच घेतली. पण राणीचा लवाजमा त्या घरात मावेना, म्हणून मग डागडुजीच्या भानगडीत न पडता शंभरेक यार्डांवर, जिथून व्ह्यू जास्त चांगला दिसतो तिथे, सरळ नवीन घर बांधायला घेतलं. २८ सप्टेंबर १८५३ ला व्हिक्टोरियाने पायाचा दगड बसवला. १८५५ मध्ये राजघराणं नव्या खोल्यांत राहायला आलं तेव्हा टॉवरचं काम चालूच होतं आणि नोकरमंडळींची सोय अजून जुन्याच घरात होती. १८५६ ला नवं पूर्ण झालं, मग जुनं पाडलं. फोटोत दिसतं ते सगळं या नव्या घराचं, ग्रॅनाइटसुद्धा इस्टेटमधल्याच खाणीचा.

'लढाऊ'चं म्हणाल तर ते टोकदार बुरुज निव्वळ हौस आहे. या स्टाइलला स्कॉट्स बॅरोनियल म्हणतात, जुन्या टॉवर हाउसेसची (बुरुजासारख्या उंच दगडी घरांची) नक्कल करायची एकोणिसाव्या शतकातली फॅशन. तळमजल्याला एवढ्या मोठाल्या खिडक्या ठेवून कोण लढणारे?

आणि आर्किटेक्ट होता विल्यम स्मिथ, त्याच जॉन स्मिथचा मुलगा. म्हणजे बापाने वाढवलेलं घर पाडलं गेलं ते पोराने नवं बांधलं म्हणून, फॉरवर्डमध्ये ही गोष्ट टाकली असती तर जास्त मजा आली असती. अल्बर्टने डिझाइनमध्ये लक्ष घातलं, बुरुज-खिडक्यांत बदल सुचवले, तेवढं श्रेय त्याला द्यावं.

राहिली मालकी. बालमोरल राजघराण्याची खाजगी प्रॉपर्टी आहे, बकिंगहॅम पॅलेससारखी गादीबरोबर आपोआप येत नाही. म्हणूनच १९३६ मध्ये आठव्या एडवर्डने गादी सोडली तेव्हा सहाव्या जॉर्जला राजा होऊनही ती सख्ख्या भावाकडून पैसे मोजून विकत घ्यावी लागली.