गाडीला मंगळ

परवा टपालात विमा कंपनीचा ८४० डॉलरचा चेक आला. तो उजेडात धरून, उलटसुलट करून पाहत माझे सासरे म्हणाले, "बघा जावईबापू, मिळाले की नाही!" तेव्हापासून मी घरात जरा कमीच बोलतोय.

अपघात अगदीच फुटकळ होता. ऑक्टोबरात इथे अटलांटाजवळ, मेडलॉक ब्रिज रोडच्या सिग्नलला मी लाल दिव्यापाशी उभा होतो आणि एका एकोणीस वर्षांच्या पोरानं मागून येऊन माझ्या सीआर-व्हीच्या पाठीत आपला पिकअप घातला. जॉर्जियात १ जुलै २०१८ पासून गाडी चालवताना फोन हातात धरायला बंदी आहे. पोरगा पोलिसाला सांगत होता की फोन हातात नव्हताच, मांडीवर होता. पोलिसानं त्याला शांतपणे समजावलं की मांडीही शरीरातच धरतात. चूक कुणाची यावर वाद नव्हता. त्याच्या विमा कंपनीनं बंपर, डिकीचं दार, कोपऱ्यातला पत्रा आणि आतलं वाकलेलं पॅनेल असं मिळून ७,९०० डॉलरचं काम बिनबोभाट करून दिलं. गाडी घरी आली तेव्हा ती कुठे ठोकली होती ते मलाही शोधावं लागलं. इथवर सगळे सज्जन होते.

मग मी ती विकायला काढली. सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आलेत, पोरं दोन, आम्ही दोघं; सात जणांची गाडी घ्यायची होती. वापरलेल्या गाड्या घेणाऱ्या एका दुकानात गेलो. तिथल्या माणसानं रंगाची जाडी मोजायचं काडेपेटीएवढं एक यंत्र काढलं आणि वैद्य नाडी बघतो तसं ते गाडीला ठिकठिकाणी टेकवत फिरला. छत, १२० मायक्रॉन. बॉनेट, १२५. मागचा कोपरा, ३१०. "इथे पुन्हा रंग चढलाय," असं तो इतक्या हळू आवाजात म्हणाला, की मलाच काहीतरी लपवल्यासारखं वाटायला लागलं. मग आत जाऊन त्यानं संगणकात गाडीचा सतरा अक्षरी नंबर टाकला आणि अपघाताची तारीखसुद्धा वाचून दाखवली.

"हे तुला आधीच दिसणार होतं, तर मोजत कशाला बसलास?"

"खात्री केलेली बरी."

साडेचोवीस हजार देतो म्हणाला. अपघात नसता तर अठ्ठावीस दिले असते. म्हणजे मी लाल दिव्याला नियमानं थांबलो, याबद्दल मला साडेतीन हजार डॉलर दंड.

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सासूबाईंना सगळ्यात आधी समजलं. "म्हणजे गाडीला मंगळ आहे," त्या म्हणाल्या. इतकी चपखल व्याख्या मला नंतर कुठल्याही वकिलाच्या लेखात सापडली नाही. गाडी दिसायला छान, चालायला चांगली, स्वभावानं गरीब. पण पत्रिका मागवली की संपलं. पत्रिका तयार करणाऱ्या कंपन्या आहेत, त्या पैसे घेऊन कुणालाही देतात, आणि सातव्या घरात काय बसलंय ते बघून स्थळ परत जातं. "मंगळाला निदान मंगळाचं स्थळ तरी चालतं," सासूबाई पुढे म्हणाल्या. "दुसरी कुणाची ठोकलेली गाडी बघा आणि अदलाबदल करा."

इथे या प्रकाराला 'डिमिनिश्ड व्हॅल्यू' म्हणतात: दुरुस्ती कितीही झकास झाली तरी बाजारात गाडीची जी अब्रू गेली, तिची भरपाई. जॉर्जिया या बाबतीत पुढारलेलं राज्य मानतात. २००१ साली इथल्या सर्वोच्च न्यायालयानं मॅब्री खटल्यात निकाल दिला की विमा कंपनीनं दुरुस्तीबरोबर हा घसाराही मोजायला हवा, अगदी स्वतःच्या ग्राहकाच्या बाबतीतही. बहुतेक राज्यांत स्वतःच्या कंपनीकडे हे मागायची सोयच नाही. एवढं वाचून मी खूश झालो. पुढचं वाचायला नको होतं.

कारण त्याच खटल्याच्या कागदपत्रांतून एक सूत्र बाहेर पडलं. सतराव्या परिच्छेदाच्या 'सी' पोटकलमात होतं म्हणून त्याचं नाव 'सेव्हंटीन-सी'. गाडीची किंमत घ्यायची आणि तिचे दहाच टक्के धरायचे. दहाच का? ते विचारायचं नाही. त्या दहा टक्क्यांना नुकसानीच्या आकड्यानं गुणायचं: सांगाडा पार मोडला असेल तर १, मध्यम असेल तर अर्धा, किरकोळ असेल तर पाव, आणि सांगाड्याला धक्काच नसेल तर शून्य. जे उरेल त्याला मैलांच्या आकड्यानं गुणायचं. वीस हजार मैलांच्या आत १, चाळीस हजारांच्या आत ०.८, साठच्या आत ०.६, असं उतरत उतरत लाखावर शून्य. लाख मैल धावलेल्या गाडीला अब्रूच नसते.

आता गंमत अशी की गाडीची अठ्ठावीस हजार किंमत मुळात तिचे मैल बघूनच ठरलेली असते. म्हणजे एकदा मैलांसाठी किंमत कापली, आणि कापलेल्या किमतीतून पुन्हा मैलांसाठी कापली. आमच्या सोलापुरात चादरीच्या दुकानात कुणी एवढं केलं असतं तर गिऱ्हाइकानं चादर दुकानदारालाच पांघरून घातली असती. आणि हे सूत्रच वापरायला हवं असं कुठलाही कायदा म्हणत नाही. कंपन्यांना आवडतं, म्हणून वापरतात.

माझ्या गाडीवर ४१,२०० मैल होते. हा आकडा नीट बघा. बाराशे मैल कमी असते तर ०.६ च्या जागी ०.८ लागला असता. ऑगस्टपर्यंत गाडीवर ३९,००० च झाले होते. मग सासऱ्यांनी नायगारा बघायचा हट्ट धरला. विमानानं जाऊ म्हटलं, तर "प्रदेश दिसत नाही" म्हणाले. अटलांटा ते नायगारा जायचे नऊशेच्या वर मैल, तितकेच परत. प्रदेश दिसला. बराचसा त्यांनी झोपेत पाहिला.

त्या पोराच्या विमा कंपनीकडे दावा टाकला, तर पहिला हिशेब आला ४२० डॉलरचा. नुकसान 'किरकोळ' धरलं होतं. मी ३५० डॉलर भरून एका स्वतंत्र मूल्यमापकाकडून अहवाल करून घेतला. त्यात वाकलेल्या पॅनेलचे फोटो होते आणि नुकसान ३,३०० डॉलरचं आहे असं लिहिलं होतं. अहवाल पाठवला आणि क्लेम ॲडजस्टरचा, म्हणजे दाव्याची रक्कम ठरवणाऱ्या कंपनीच्या माणसाचा, फोन यायची वाट बघत बसलो. ॲडजस्टर हा शब्द मला फार आवडतो. लोकलच्या बाकड्यावर चौथ्या सीटला बसणारा जसा "जरा ॲडजस्ट करा" म्हणतो आणि ॲडजस्ट व्हायचं असतं आपण, तसंच हे.

फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होतो, म्हणून स्पीकर लावला. ही चूक. समोर सासरे बसले होते. ते जिल्ह्याच्या सहकारी बँकेत एकतीस वर्षं होते, त्यातली अठरा वसुलीत. कर्जदाराच्या दारातली म्हैस बघून त्याची ऐपत सांगायचे, अशी त्यांची ख्याती आहे. ती ख्याती ते स्वतःच सांगतात.

ॲडजस्टर बाई अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या होत्या. आवाजात गुळाचा पाक. "हाऊ आर यू टुडे, हनी?"

सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मला खुणेनं विचारलं, कोण?

"विमा कंपनी," मी कुजबुजलो.

"मग हनी का म्हणतेय?"

"इथे सगळ्यांनाच म्हणतात, बाबा."

"मला कुणी नाही म्हटलं सहा महिन्यांत." त्यांनी आतल्या खोलीकडे नजर टाकली. तिथे त्यांची मुलगी, म्हणजे माझी बायको, मीटिंगमध्ये होती. मी लाटणं हातात घेऊन सेव्हंटीन-सी कसं चुकीचं आहे, मैल दोनदा कसे मोजले आहेत हे सांगायला लागलो. बाई प्रत्येक वाक्यानंतर "आय हिअर यू, हनी" म्हणत होत्या आणि दर वेळी सासऱ्यांची भुवई एक सूत वर जात होती. शेवटी ते उठले, स्वेटरची वरची गुंडी लावली आणि फोनजवळ येऊन बँकेच्या पत्राच्या इंग्रजीत म्हणाले, "गुड आफ्टरनून, मॅडम. आय ॲम द फादर-इन-लॉ. रिटायर्ड रिकव्हरी ऑफिसर."

मला वाटलं, आता जमलं. अठरा वर्षांचा वसुलीचा अनुभव माझ्या बाजूनं उभा राहतोय.

"वेल, हाय देअर, हनी!" बाई म्हणाल्या.

एवढंच. एवढ्यावर माणूस फुटला. त्यांनी खुर्ची ओढली, बसले आणि विचारलं, "हाऊ मेनी केसेस यू आर हँडलिंग, मॅडम?" बाईंनी काहीतरी भलामोठा आकडा सांगितला. "अरे अरे," सासरे मराठीत कळवळले. मग त्यांनी बाईंना मार्चअखेर म्हणजे काय ते समजावलं. वरून टार्गेट कसं येतं, खालचा स्टाफ कसा मिळत नाही, आणि एका थकबाकीदारानं जप्तीच्या दिवशी ट्रॅक्टरची चाकं काढून विहिरीत कशी टाकली, हा किस्सा सांगितला. तो आम्ही लग्नापासून ऐकतोय. बाई मनापासून हसल्या. पोळी तव्यावर करपली.

मी मध्ये तोंड घातलं. "बाबा, गाडीचं बोला."

"हो, हो. मॅडम, अबाउट द कार." त्यांनी घसा साफ केला. आणि मग, कॉल रेकॉर्ड होतोय हे सुरुवातीलाच सांगितलेलं असताना, माझ्या सासऱ्यांनी जावयाच्या मालमत्तेबद्दलच्या शुद्ध अभिमानानं सांगितलं, "कार इज फर्स्ट क्लास! आफ्टर रिपेअर, लाइक न्यू! नोबडी कॅन से इट वॉज ॲक्सिडेंट! माय सन-इन-लॉ मेंटेन्स व्हेरी नाइसली!"

पलीकडे कीबोर्डचा आवाज आला. बराच वेळ आला.

फोन ठेवल्यावर मी काही बोललो नाही. तेच म्हणाले, "बाई चांगली आहे हो. तिचंही बरोबर आहे. वरून आदेश असतो." मी विचारलं, गाडी नव्यासारखी आहे हे सांगायची काय गरज होती? तर म्हणाले, "मग काय, आपल्याच गाडीची बदनामी करायची परक्या बाईजवळ?"

यावर उत्तर नाही. म्हणजे दाव्याचा सगळा डोलारा याच्यावरच उभा आहे: आपली वस्तू किती वाया गेली हे आपणच रडून सांगायचं. आमच्या आधीच्या पिढीला हे जमणारच नाही. सासऱ्यांकडे बजाज चेतक होती. त्या काळी स्कूटरला वर्षानुवर्षांचं बुकिंग असायचं आणि वापरलेली चेतक नव्यापेक्षा जास्त पैसे घेऊन जायची. त्यांची तीनदा आडवी पडली होती, डाव्या अंगाला लांबी भरून रंग काढलेला, तरी घेणारा पेढे घेऊन आला होता. अशा माणसाला गाडीची किंमत पडते हे कसं पटणार? आणि पडली तर ती भरून मागायची, तीही रडत?

रागाच्या भरात मी कोर्टाचंही बघितलं. इथलं मॅजिस्ट्रेट कोर्ट १५,००० डॉलरपर्यंतचे दावे घेतं, वकील लागत नाही, मुदत चार वर्षांची. सगळं ठीक. पण दावा लावायचा कुणावर? कंपनीवर नाही, त्या एकोणीस वर्षांच्या पोरावर. कोर्टाचा माणूस त्याच्या दारात समन्स घेऊन जाणार, तो घाबरणार, त्याची आई घाबरणार, आणि कंपनी पडद्यामागे बसून रहाणार. ज्यानं मला धडक मारली त्याच्याबद्दल मला जेवढा राग होता, तेवढा आता उरलेला नाही. तो त्या दिवशी रडला होता, मीच त्याला पाण्याची बाटली दिली होती. हे कंपनीला पक्कं माहीत असणार. माझ्यासारखे किती जण त्या टप्प्यावर फाइल बंद करतात याचाही त्यांच्याकडे कुठेतरी आकडा असणार, आणि त्यानं गुणायची सोयही.

आठवड्यानं मेल आली. नुकसान 'मध्यम' धरलंय. दहा टक्के २,८००, त्याचे अर्धे १,४००, गुणिले ०.६, झाले ८४०. यापुढे वाढणार नाही. अहवालाचे ३५० वजा जाता हातात ४९०. खाली एक ओळ होती: तुमच्या गोड सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

आता सासऱ्यांचं म्हणणं, चारशे वीसचे आठशे चाळीस झाले ते त्यांच्यामुळे. मी म्हणतो, अहवालातल्या फोटोंमुळे. ते विचारतात, मग मेलमध्ये फोटोंना नमस्कार का नाही? सासूबाई त्यांच्या बाजूनं. बायको म्हणते, दोघंही गप्प बसा. गाडी अजून दारातच आहे, कारण साडेचोवीसला द्यायला जीव होत नाही.

चेक सध्या फ्रिजवर लावलाय. भरला की हिशेब मिटला, अशी सही करून द्यायची आहे, ती मी अजून केलेली नाही. दरम्यान सासऱ्यांनी त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि निवृत्त सहकाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला: 'अमेरिकेत वसुली. १०० टक्के.' त्यावर तेवीस जणांनी अंगठे दिलेत. एकानं विचारलंय, जप्ती करावी लागली का?