पाणी मचूळ लागलं की खाली जाऊ नका!

आज पुन्हा तेच बघितलं. किनाऱ्याजवळची ६ मीटर खोल विहीर, उन्हाळ्यात पाणी मचूळ झालं, म्हणून तळात बोअर मारून १४ मीटरपर्यंत नेली. वर दुप्पट ताकदीची मोटार. आता साबणाला फेस येत नाही आणि दोष द्यायला भरती आहेच!

अहो, समुद्र नुसता बाजूने येत नाही, तो गोड्या पाण्याखाली आधीच बसलेला असतो. गोड्या पाण्याची घनता १.०००, समुद्राच्या पाण्याची १.०२५. त्यामुळे वाळूत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं. जर्मन अभियंता हर्झबर्गने १९०१ मध्ये मांडलेला हिशेब आहे : भूजल समुद्रपातळीच्या जितकं वर, त्याच्या साधारण ४० पट खाली गोडं पाणी. अर्धा मीटर वर असेल तर खाली २० मीटर. उपशाने पातळी ३० सेंटिमीटर उतरून तिथेच राहिली, की हळूहळू ८ मीटरच उरतं. जमीन समुद्रपातळीपेक्षा ३ मीटर उंच धरा; त्या बोअरचा तळ समुद्रपातळीखाली ११ मीटर. म्हणजे पैसे मोजून नळी खाऱ्यात घातली. शिवाय मधली सीमा म्हणजे काही रेघ नव्हे, मिश्र पाण्याचा जाड पट्टा असतो. आणि समुद्राचं पाणी फक्त २ टक्के मिसळलं तरी क्लोराइड लिटरला ३८० मिलिग्रॅमने वाढतं. चव तर २५०च्या आसपासच बिघडते.

जाड चिकणमातीच्या थराखाली गोडं पाणी सापडतं कधीकधी, मान्य. पण तिथेही केसिंगभोवतीची (बोअरमध्ये बसवलेल्या पाइपाभोवतीची) फट सिमेंटने भरली नाही तर वरचं खारं त्याच फटीतून खाली उतरतं.

चिडून काय होणार म्हणा. पाणी लागतं म्हणूनच माणूस खणतो.

तर त्या विहिरीचं असं करा. रात्रभर मोटार बंद. सकाळी बुचाच्या बाटलीला दगड बांधून तळाशी सोडा, बुचाची दोरी तिथे ओढा, बाटली भरून वर घ्या. वरच्या पाण्याचा नमुना वेगळा. दोन्हींचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजा. कळशीभर वरचं पाणी चाखून काही कळत नाही, खारं जड असतं, तळाशी बसतं. तळाचा आकडा बराच जास्त आला तर बोअर खालून वर सिमेंटची रबडी भरून बुजवा. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे मोटारीच्या पाइपाच्या खालच्या टोकाची झडप, वर घ्या, हवा ओढणार नाही इतपतच बुडवा. मोटार लहान बसवा, थोडं उपसा, मग थांबा. जास्त पाणी हवं तर खोली नको, पसारा वाढवा : दोन-तीन उथळ विहिरी, किंवा पाण्याच्या पातळीखाली थोड्याच अंतरावर आडवे छिद्रांचे पाइप.

एका पावसाळ्यात गोडं होईल असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका. वर चढलेलं खारं परत खाली दाबायला काही वर्षंही लागतात, आणि तीसुद्धा उपसा कमी ठेवला तरच.