मशीन नं. ४ प्रॉब्लेम. इन्फॉर्म्ड.

परवा शुक्रवारी रात्री कट्ट्यावर, इंजिनिअर पोरांना नीट सांगता-लिहिता का येत नाही यावरून, जो राडा झाला तो लिहून काढतोय. आमचा कट्टा म्हणजे निगडी प्राधिकरणातल्या एका बंद पडलेल्या एटीएमची पायरी, शेजारी चहाची टपरी, जेवण उरकून साडेनऊला जमायचं आणि घरून दुसरा फोन आला की उठायचं. चौघंच. सुन्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवतो, पण इंग्रजीच्या मॅडम सोडून गेल्यापासून कम्युनिकेशन स्किल्सचं लॅब त्याच्या गळ्यात पडलंय. शिऱ्याचं भोसरीत जॉबवर्कचं शॉप आहे, चार व्हीएमसी आणि दोन सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची मशीनं. मंद्या हिंजवडीत आयटीत. आणि मी चाकणला क्वालिटीत, सतरा वर्षं झाली.

सुरुवात सुन्याने केली. आल्या आल्या बॅगेतून जर्नलांचा गठ्ठा काढून पायरीवर आपटला. म्हणला, सत्तर पोरं आहेत आणि सत्तर जणांनी प्राचार्यांना एकच पत्र लिहिलंय, बहिणीच्या लग्नासाठी चार दिवस सुट्टी मिळावी, च्यायला सत्तर बहिणी एकाच आठवड्यात बोहल्यावर. त्यातल्या एकाला तर बहीणच नाही, मी विचारलं तर म्हणे सर फॉरमॅट तसाच होता. मग परीक्षेला सेव्हन सीज, म्हणजे नीट सांगण्याचे सात नियम, येतात, त्यातला एक सी म्हणजे कन्साइजनेस, थोडक्यात लिहिणे, आणि एका महाशयांनी थोडक्यात लिहिणे म्हणजे काय हे दीड पान लिहिलंय. मार्क पण द्यावे लागले, कारण मॉडेल आन्सरमधले सगळे मुद्दे होते त्यात.

मंद्या म्हणला, हसू नको, तुम्ही लोक नीट शिकवत नाही म्हणून आम्हाला नंतर सहा महिने निस्तरावं लागतं. पोरगं स्टँडअपला, म्हणजे रोजच्या टीम मीटिंगला, उभं राहतं आणि रोज सांगतं, नो ब्लॉकर्स, काही अडलेलं नाही, वर्किंग ऑन इट. तिसऱ्या दिवशी कळतं की पहिल्या दिवसापासून बिल्डच होत नव्हतं. का नाही सांगितलं? तर म्हणे, वाटलं होईल. आणि क्लायंटच्या कॉलवर सगळे यस यस करत बसतात. आपल्याकडे यस म्हणजे हां, ऐकतोय, बोला. जर्मनीत यस म्हणजे मंगळवारपर्यंत मिळेल. मंगळवारी तो विचारतो, कुठंय? इथं सगळे एकमेकांकडे बघतात.

मी म्हणलं, यात इंग्रजीचा काय दोष, आपल्याकडे "बघतो" म्हणजे नाही असतं हे मराठी माणसाला कळतं, तेच "बघतो" त्याने इंग्रजीत करून दिलं तर जर्मन माणूस वाट बघत बसणारच ना.

इथं शिऱ्या मध्ये पडला. एरवी हा गाडी, शेतजमीन आणि जीएसटी सोडून कशावर बोलत नाही, पण त्याने मोबाइल काढला आणि एक फोटो समोर धरला. शॉपच्या शिफ्ट रजिस्टरचा. निळ्या पेनाने, इंग्रजीत एकच ओळ: मशीन नं. ४ प्रॉब्लेम. इन्फॉर्म्ड. खाली सही.

"सांगा," म्हणला, "काय प्रॉब्लेम? कुणाला इन्फॉर्म्ड?"

मागच्या आठवड्यात नाइट शिफ्टच्या ट्रेनीने लिहिलेलं. बीई मेकॅनिकल, फर्स्ट क्लास. सकाळी सातची शिफ्ट आली, कुणी वाचलं असेल नसेल, वाचलं तरी काय कळणार डोंबल, मशीन चालू केलं आणि साडेनऊपर्यंत साठ पीस वाया. मग शिऱ्याने त्या पोराला घरून उठवून आणलं, आणि गंमत बघा, पोराने दोन मिनिटांत घडाघडा सगळं सांगितलं. किती वाजता मापं जायला लागली, बोअर, म्हणजे भोकाचा व्यास, किती येत होता, इन्सर्ट, म्हणजे कापणारं टोक, बदलून बघितला का, कुणाला फोन केला, तो काय म्हणला. सगळं त्याला माहीत होतं. शिऱ्या म्हणला मग लेका लिहिलं का नाहीस? तर म्हणतो, सर रजिस्टर इंग्लिशमध्ये लिहायचं असतं ना.

दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही. सुन्याने आपल्या गठ्ठ्याकडे बघितलं.

मग मला खुमखुमी आली. म्हणलं आण ते, आपण लिहू. टपरीवरून कालचा पेपर घेतला आणि त्याच्या कोपऱ्यात शिऱ्या सांगेल तसं मी उतरवलं. ते असं झालं: "रात्री २.४०. मशीन ४. बोअर २५.०३४ येतोय, पाहिजे २५.००० ते २५.०२१. शेवटचा चांगला पीस २.१० चा. मधले १२ पीस लाल बिनमध्ये, ते एकेक मोजायचेत. इन्सर्ट बदलला, फरक नाही. मशीन बंद ठेवलंय, चालू करू नका. मेंटेनन्सला फोन केलाय, सकाळी येतो म्हणला." आठ-नऊ ओळी. व्याकरण गेलं खड्ड्यात, पण सकाळच्या माणसाला काय करायचं ते कळतं की नाही? शिऱ्याने त्याचा फोटो काढून लगेच शॉपच्या ग्रुपवर टाकला, "आजपासून असं लिहायचं, मराठीत चालेल", आणि फोन सायलेंटवर उपडा ठेवून दिला, आता निवांत भांडू म्हणून.

मंद्याला हे मान्य नव्हतं. तो म्हणला मराठीत चालेल हे भोसरीत ठीक आहे, माझ्याकडे म्युनिकचा माणूस मराठी वाचणार आहे का? पोरांना उगाच लाडावू नका, परभणी-लातूरवरून आलेली हुशार पोरं जीडीत, म्हणजे नोकरीच्या ग्रुप डिस्कशनमध्ये, गप्प बसतात आणि पुण्यातलं पोपट-पोरगं सोशल मीडिया शाप की वरदान यावर बडबडून नोकरी घेऊन जातं, ते तुमच्या या मराठी रजिस्टरने सुटणार आहे का? मुद्दा खोटा नव्हता त्याचा. पण सुन्या म्हणला, मी यांना इंग्रजीच तर शिकवतोय दोन वर्षं, पोराला काय सांगायचंय तेच ठरलेलं नसतं तर इंग्रजी कशाला लावणार? पहिल्यांदा ज्या भाषेत भांडतो त्या भाषेत नीट सांग, मग त्याचं इंग्रजी कर. मंद्या म्हणला तेवढा वेळ कुणाकडे आहे.

आणि वेळ खरंच नाही. सुन्याने हिशोब मांडला. आठवड्याला एका बॅचला दोन तास, बॅचमध्ये वीस-बावीस पोरं, म्हणजे एकेकाला बोलायला पाच मिनिटं, त्यात हजेरी. टर्मवर्क २५ मार्कांचं, आणि त्यात कुणाला २० च्या खाली दिले तर पालक येतात. वर कोर्सला अॅक्रेडिटेशन देणाऱ्या एनबीएची फाइल. २०१४ ला भारत वॉशिंग्टन अकॉर्डमध्ये पूर्ण सभासद झाला, म्हणजे आपली अॅक्रेडिटेड डिग्री बाहेरच्या देशांत धरली जाण्यासाठीची व्यवस्था, आणि तेव्हापासून सगळीकडे आउटकम आउटकम चालू झालं. कम्युनिकेशन हा तेव्हाच्या १२ आउटकमच्या यादीत १० व्या नंबरला होता. कल्पना वाईट नाहीये, म्हणला, पोराला काय येतं ते बघा एवढंच आहे त्यात, पण आमच्याकडे ते एक्सेलमध्ये गेलं. तीनपैकी २.४ अटेनमेंट, म्हणजे आउटकम किती साधलं त्याचा आकडा. त्या सत्तर बहिणींच्या लग्नांचं अटेनमेंट २.४ आहे, बोला.

मुंबई विद्यापीठाकडे तरी पाचव्या सेमला बिझनेस कम्युनिकेशन अँड एथिक्स असा पेपर ठेवला होता, कम्युनिकेशन आणि एथिक्स एकत्र, ते डोकं कुणाचं होतं माहीत नाही पण बरोबर होतं असं मला वाटतं. ते का, यावरूनच पुढचं मोठं भांडण झालं.

कारण सुन्याने नासाच्या चॅलेंजर यानाचं काढलं. तो दरवर्षी पहिल्या लेक्चरला सांगतो. २८ जानेवारी १९८६, उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं, सात जण गेले. बूस्टर रॉकेटच्या सांध्यातली रबराची ओ-रिंग थंडीत कडक झाली, सील झालं नाही. आता आदल्या रात्रीची गोष्ट बघा. बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीचे इंजिनिअर अमेरिकेतल्या यूटाहमध्ये, नासाची माणसं दुसऱ्या टोकाला, टेलिकॉन्फरन्स. घाईघाईत हाताने लिहिलेले तक्ते फॅक्सने पाठवले, तेरा तक्ते. म्हणणं एवढंच की ५३ फॅरनहाइटच्या, म्हणजे आपल्या १२ डिग्रीच्या खाली उडवू नका. सुन्याचं म्हणणं, त्या तेरा तक्त्यांत कुठंही आधीच्या सगळ्या उड्डाणांचं तापमान आणि ओ-रिंगचं नुकसान एका ग्राफवर समोरासमोर मांडलेलं नव्हतं. एक ग्राफ नीट काढला असता तर सात माणसं वाचली असती, हे मी पोरांना सांगतो.

मी भडकलो. म्हणलं हे तू चुकीचं शिकवतोस. आधीच्या ऑक्टोबरात थायोकोलच्याच एका इंजिनिअरनं मेमोची सुरुवातच "हेल्प" या शब्दाने केली होती, आता याच्याहून क्लिअर काय लिहायचं असतं माणसाने? आणि त्या रात्री त्यांनी सरळ सांगितलं होतं, उडवू नका. नासावाले चिडले, थायोकोलच्या साहेबांनी फोन म्यूट करून आपापसात मीटिंग घेतली, आणि इंजिनिअरिंगच्या व्हाइस प्रेसिडेंटला सांगितलं की इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. त्याने घातली. सकाळी तापमान २ डिग्रीच्या आसपास होतं. यात पोरांची प्रेझेंटेशन स्किल कुठं आली? सांगणारे सांगून दमले, ऐकणाऱ्याचा कोर्स कुठं असतो ते सांग मला. सगळी कम्युनिकेशन स्किल्स ट्रेनीला, साहेबाला एक पण नाही.

सुन्या म्हणला, अरे पण पोराला मी काय शिकवू, साहेब ऐकत नाही म्हणून गप्प बस? माझ्या हातात पोरगंच आहे, साहेब नाहीये. त्याला एवढं तरी शिकवतो की साहेबाला ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय राहता कामा नये.

यावर मला उत्तर सुचलं नाही. आणि सुचलं नाही कारण मला माझीच मेल आठवली. ही गोष्ट मी या तिघांना आजवर सांगितली नव्हती. सात-आठ वर्षांपूर्वी, शुक्रवारीच संध्याकाळी, मला कळलं होतं की एका गेजचं, म्हणजे मापं तपासायच्या साधनाचं, कॅलिब्रेशन बाहेर गेलंय आणि त्या गेजवर तपासलेला लॉट सकाळी डिस्पॅचला लागणार. मी मेल लिहिली. चांगली व्यवस्थित, डिअर सरपासून. पहिल्या पॅऱ्यात ऑडिटचा संदर्भ, दुसऱ्यात मागच्या मीटिंगचा, तिसऱ्यात स्वतःचा बचाव, आणि चौथ्याच्या शेवटी, लॉट होल्ड करावा असं सुचवावंसं वाटतं. सब्जेक्ट लाइन, रिगार्डिंग गेज. साहेबांनी मोबाइलवर पहिल्या तीन ओळी बघितल्या आणि लग्नाला गेले. लॉट गेला. नंतर कस्टमरच्या गोडाऊनमध्ये दोन रात्री बसून सहाशे पीस मी स्वतः सॉर्ट केलेत, ट्यूबलाइटखाली, एकेक गो-नोगो गेज लावून, बसतो की नाही बघत. आणि तेव्हा सगळ्यांना मी हेच सांगत होतो, मेल केली होती मी. म्हणजे काय? इन्फॉर्म्ड.

"फोन का नाही केलास?" शिऱ्याने विचारलं.

घाबरलो होतो. दुसरं काय. शुक्रवारी संध्याकाळी साहेबाला फोन करून डिस्पॅच थांबवा म्हणायचं, आणि गेज बरोबर निघाला तर? मेल केली की आपण सुटतो. आम्हाला कॉलेजात डिअर सर शिकवलं, युवर्स फेथफुली शिकवलं, पण वाईट बातमी पहिल्या ओळीत लिहायची असते आणि ती लिहिताना पोटात गोळा येणारच, हे कुणी सांगितलं नव्हतं.

मंद्या बराच वेळ गप्प होता, मग म्हणला, माझी पोरं नो ब्लॉकर्स म्हणतात ते पण याच्यामुळंच असेल, पहिल्या महिन्यात एकाने ब्लॉकर सांगितला होता तर मी सगळ्यांसमोर म्हणलो होतो, एवढं पण जमत नाही का. बोलून झाल्यावर त्याने चहा मागवला. मंद्या स्वतःहून चहा मागवतो हे वर्षातून एकदा होतं.

सुन्याने मग एक भारी गोष्ट सांगितली. मागच्या सेमला त्याने वैतागून लॅबमध्ये जर्नल बंद ठेवलं आणि ग्रुपांचे मिनी प्रोजेक्ट आपापसात अदलाबदल केले. नियम एकच, ज्याने बनवलंय त्याने एक पान लिहून द्यायचं, तोंडाने काही सांगायचं नाही, आणि दुसऱ्या ग्रुपने ते वाचून प्रोजेक्ट चालू करून दाखवायचा. अकरापैकी दोनच चालले. एकाने लिहिलं होतं, "वायर जोडा." कुठली, कुठं? दुसऱ्याच्या पानावर दोन ओळी आभारप्रदर्शनाच्या होत्या आणि सप्लाय १२ व्होल्टचा की ५ चा ते नव्हतं, बोर्ड जळाला. पोरं अशी भांडली म्हणतो, मराठीत, हिंदीत, एकमेकांचे कागद नाचवत, हे लिहिलं का नाहीस, ते कळतं की कुणालाही, मला नाही कळलं. दोन वर्षांत त्या लॅबमध्ये पहिल्यांदा कुणीतरी कुणाला तरी काहीतरी खरंच सांगत होतं. पुढच्या आठवड्यात पानं पुन्हा लिहिली, तेव्हा आठ चालले. फाइलमध्ये हे कुठल्या रकान्यात भरायचं ते मात्र अजून त्याला कळलेलं नाही, म्हणून त्याने भरलेलंच नाही.

शिऱ्या म्हणला दहा पोरं माझ्याकडे पाठव, दोन शिफ्टच्या मधला अर्धा तास उभी करतो, बघू दे हँडओव्हर. सुन्या म्हणला परवानगीचं पत्र लागेल. शिऱ्या म्हणला लिही की, बहिणीचं लग्न म्हणून.

अकराला उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिऱ्याने आमच्या ग्रुपवर एक फोटो टाकला, बाकी काही लिहिलं नाही. तेच रजिस्टर, तेच निळं पेन, त्याच ट्रेनीचं अक्षर, पण मराठीत: "रात्री १०.१५. मशीन २. कुलंटचा पाइप फुटला, मशीन बंद केलं. खाली पाणी आहे, पाय जपून. चालू जॉब टेबलवरच आहे, काढला नाही. स्पेअर पाइप कपाटात नाही. शिरीष सरांना १०.२०, १०.२५ आणि १०.४० ला फोन केला, उचलला नाही."